धुरपाई आणि घुंगऱ्याचे पाय

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा कुरणवाडीच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं आणि खोटं बोलणाऱ्याला जागच्या जागी उचकी लागायची. पाण्याचं मला पटतं, उचकीचं पटत नाही. पण सांगणाऱ्यांनी मला अशीच सांगितली, म्हणून मीही तशीच सांगतो. कुणाला उचकी लागलीच तर घोटभर पाणी प्यावं आणि पुढं ऐकावं.

तर फार वर्षांपूर्वी आपल्या कुरणवाडीत धुरपा नावाची न्हावीण राहायची. तिचा नवरा म्हादू गावातल्या पुरुषांच्या दाढ्या करायचा आणि धुरपा बायकांची नखं काढायची. नवरीची नखं लग्नाआधी, बाळंतिणीची न्हाण्याआधी, आणि ज्यांना वाकवत नाही अशा म्हाताऱ्यांची अधूनमधून. तिच्याकडं तिच्या आईनं दिलेली, नखं काढायची एक लोखंडी नराणी होती. अंगणात सारवलेल्या जागी धुरपा मांडी घालून बसायची, समोरच्या बाईचा पाय मांडीवर घ्यायची आणि नराणी चालवायची. नराणी थांबली तरी तोंड थांबायचं नाही. धुरपा बोलायला लागली की ओढा वाहायचा थांबून ऐकायचा, असं म्हणतात. म्हादू म्हणायचा, "ऐकायला न्हाई थांबत त्यो. बिचाऱ्याला मधी खळखळायला जागाच मिळत न्हाई."

पण तोंड कुठंही धावलं तरी धुरपाचे डोळे नखावरून हलायचे नाहीत. एकाच बोटाचं नख काळं पडलं असेल तर ती विचारायची, "उखळापाशी लक्ष कुठं होतं गं?" आणि हाताची, पायाची सगळीच नखं पातळ होऊन खोलगट झाली असतील तर ती त्या पोरीला काही विचारायची नाही. सरळ तिच्या सासूकडं वळायची. "पारूबाई, तुमच्या सुनंच्या ताटात काय वाढता ते मला तिच्या नखांनी सांगितलंय. आता तुमी सांगता का मी गावाला सांगू?" दुसऱ्या दिवसापासून त्या सुनेच्या ताटात भाकरीबरोबर कालवण दिसायचं. एक नख बिघडलं तर बाहेरून काहीतरी लागलेलं असतं, आणि सगळीच बिघडली तर दुखणं आतलं असतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. धुरपाचं सगळं शास्त्र म्हणाल तर एवढंच होतं.

आता ही माणसांच्या नखांची बाई कुत्र्यांच्या पायाशी कशी जाऊन बसली, ते ऐका. कुरणवाडीतली निम्मी घरं धनगरांची. मेंढरं आली म्हणजे कुत्री आली. एक दिवस अंगणात बायका नंबर लावून बसल्या होत्या आणि त्यांच्या मागं एक लंगडतं कुत्रं येऊन बसलं. एकेक बाई उठली तसं ते पुढं सरकलं, आणि त्याची पाळी आली तेव्हा त्यानं पुढचा पाय उचलून धुरपाच्या मांडीवर ठेवला, असं म्हणतात. त्याचं एक नख खडकात अडकून मधोमध फाटलं होतं. धुरपानं फाटका भाग नराणीनं सफाईनं काढला, हळद भरली, चिंधी बांधली. कुत्र्यानं तिचं कोपर चाटलं आणि ते निघून गेलं. बायका हसून लोटपोट झाल्या. म्हादू मात्र संध्याकाळी घुश्शात म्हणाला, "आता हीच नराणी घेऊन तू पाटलाच्या सुनंकडं जाणार व्हय?" तेव्हा धुरपानं लोहाराकडून कुत्र्यांसाठी एक वेगळी नराणी घडवून घेतली. म्हादूचा राग गेला. तो मुळात रागावणारा माणूसच नव्हता, पण नवऱ्याला मधूनमधून रागवावं लागतं असं त्याला वाटायचं.

मग काय, गावात कुठलंही कुत्रं लंगडलं की "धुरपाकडं ने" असं होऊन बसलं. काटा असला तर ती काढायची, वाढलेलं नख वळून पंजात रुतलं असेल तर कापायची. दहा जणांत आपलं कौतुक होऊ लागलं की माणसाचा पाय जमिनीवरून थोडा उचलला जातो. धुरपाचाही उचलला गेला. त्याच सुमाराला राघू मेंडका आपली चांदी घेऊन तिच्या दारात आला.

राघू म्हणजे कुरणवाडीच्या सगळ्या मेंढक्यांचा म्होरक्या; अशा म्होरक्यालाच मेंडका म्हणायचे. तांबडा पटका, घोंगडी, आणि बोलणं मोजकं. मेंढरं कुठं बसवायची, कधी हलवायची, हे राघू ठरवायचा. चांदी ही त्याची पांढरी कुत्री. तिच्या मागच्या पायाचं एक बोट सुजलं होतं, आणि नख वर उचलल्यासारखं वाकडं झालं होतं. धुरपानं तो एक पाय धरला, तेवढंच बोट दाबलं आणि न विचारताच सांगून टाकलं, "काटा हाय. पोटीस बांधा, बाहेर पडंल." राघूनं पोटीस बांधलं. काटा बाहेर पडला नाही, कारण काटा नव्हताच, आत वाढणारी गाठ होती. पुढचा सबंध हंगाम धुरपा पोटीस बांधत राहिली आणि बोट वाढतच गेलं. ते बोट वेळेवर कापून टाकलं असतं तर कदाचित चांदी जगली असती, हे धुरपाला फार उशिरा कळलं. चांदी गेली. त्यानंतर धुरपाच्या घरावरून जाताना राघू तोंड दुसरीकडं फिरवायचा.

धुरपाला हे फार लागलं. ती चांदीसाठी रडली, आणि आपण किती घाईनं बोललो ते आठवून पुन्हा रडली. तेव्हापासून तिनं एक शिस्त लावून घेतली. कुत्रं कुठल्याही पायानं लंगडत येवो, चारी पाय धुऊन, चारी पाय बघितल्याशिवाय दुखण्याचं नाव घ्यायचं नाही. प्रत्येक नख हलवून बघायचं, बोटांच्या बेचक्यात बघायचं, वास घ्यायचा. आणि मालकाला विचारायचं. पहिलं कुठलं नख बिघडलं? बसतं कुठं? खातं काय? मेंढवाड्यातल्या दुसऱ्या कुत्र्याला असं काही आहे का? तुमच्या घरात कुणाला गजकर्ण झालंय का? एक मालक वैतागून म्हणाला होता, "काकी, कुत्र्याचं नख दुखतंय. तुमी तर सोयरीक जमवायला बसल्यागत इचारताय."

आता येतो घुंगऱ्या. सिदू खरात म्हणून एक तरणा मेंढका होता, आईबाप लहानपणी गेलेला. त्याचा हा कुत्रा. उंच, लांब तोंडाचा, करड्या रंगाचा, आणि कुरणवाडीच्या खडकावरून चालला की त्याची नखं अशी वाजायची की लांबून वाटावं, कुणी घुंगरं बांधून येतंय. म्हणून घुंगऱ्या. सिदूनं त्याला शेळीचं दूध पाजून वाढवला होता. थंडीत दोघं एकाच घोंगडीखाली झोपायचे. लांडगा घुंगऱ्याची नखं ऐकूनच वाट बदलायचा, असं म्हणतात.

धुरपाच्या घरापुढून एक सपाट कातळ जातो, तो अजून आहे. सिदूची मेंढरं रोज त्यावरून जायची. धुरपा कामातून मान वर न करता म्हणायची, "चालला घुंगऱ्या." एक दिवस मेंढरं गेली, सिदूही गेला, आणि धुरपा काही म्हणाली नाही. तिनं मान वर केली तर घुंगऱ्या तिच्या समोरून चालला होता आणि त्याच्या पायांचा काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. पाय असे टाकत होता, जणू खडक तापलाय. दिवस तर थंडीचे होते.

"सिदू, आरं थांब! कुत्र्याचे पाय दाखव मला."

"उद्या दाखवतो काकी. मेंढरं फुडं गेली." आणि तो गेला. उद्याही तो तेच म्हणाला. तरण्या पोरांचे उद्या पुष्कळ असतात.

त्याच दिवसांत मेंढवाड्यातली कोकरं जाऊ लागली. आज एक, मध्ये काही दिवस गेले की आणखी एक. मेंढरांभोवती जाळी ताणलेली असायची, तिच्या आत रक्ताचे थेंब सापडायचे. तेव्हा मेंढवाडा ओढ्याच्या वरच्या अंगाला, घळीच्या तोंडाशी बसलेला होता. राघू मेंडक्यानं सगळ्या कुत्र्यांची तोंडं बघायचं ठरवलं, कारण मेंढक्यांची तशी जुनी रीत होती. ज्या कुत्र्याच्या तोंडाला रक्त, ते कुत्रं कोकरू खाणारं. आणि एकदा चव लागलेलं कुत्रं ठेवायचं नाही. ज्यानं वाढवलं त्यानंच आपल्या हातानं त्याला कड्यावर न्यायचं आणि खाली लोटायचं, अशीही रीत होती. रीत कुणी केली ते माहीत नाही. करणाऱ्यानं कुत्रं वाढवलं नसावं, एवढं मी म्हणेन.

सकाळी तोंडं बघितली. घुंगऱ्याच्या जबड्याला, मिशांना रक्त होतं. ओलं.

सिदूनं घुंगऱ्याला पोटाशी धरलं. तो नुसताच "न्हाई, न्हाई" म्हणत राहिला. गावची माणसं पिंपरणीच्या झाडाखाली जमली. बातमी धुरपाच्या अंगणात पोचली तेव्हा ती एका बाळंतिणीची नखं काढत होती. बाळंतिणीचा दुसरा पाय तसाच ठेवून ती पळत सुटली. ती बाळंतीण पुढं जन्मभर सांगायची की माझी पाचच नखं काढली धुरपानं, बाकीची घुंगऱ्यानं नेली.

"भावजी, त्याचे पाय बघितलं का?" धुरपा राघूपुढं उभी राहिली.

"तोंड बघितलं," राघू म्हणाला.

"त्याच्या नखांना कायतरी झालंया. म्या ऐकलंय. म्हंजी, ऐकू येत न्हाई, ते ऐकलंय."

माणसं हसली. राघू हसला नाही. तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलला. "वैनी, एकदा तुज्या शब्दावर म्या माजी चांदी घालवली. आता तुज्या शब्दावर गावची कोकरं घालवू?"

धुरपानं सिदूकडं वळून बघितलं. सिदू कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून जमिनीवर बसला होता आणि घुंगऱ्या, बिचारा, सिदूला काय झालं म्हणून त्याचा कान चाटत होता.

धुरपा म्हणाली, "मेंढरं चरायला खालच्या मुलखात जायच्या दिवसापत्तूर कुत्रं माज्या दारात बांधून ठिवा. तंवर मला कळलं न्हाई तर सिदूनं काय करायचं ते करावं, आन् म्या दोनी नराण्या ओढ्यात टाकीन. फुडं माणसाच्या न्हाई का जनावराच्या, कुणाच्याच नखाला हात लावणार न्हाई." म्हादू गर्दीत उभा होता. नराणी ओढ्यात म्हणजे घरातली निम्मी चूल ओढ्यात. पण तो पुढं झाला आणि त्यानं घुंगऱ्याची दोरी हातात घेतली.

धुरपानं घुंगऱ्याला अंगणात आणलं, कोमट पाणी केलं आणि चारी पाय धुतले. आणि मग ती बघतच राहिली. एक नाही, दोन नाही, चारी पंजांची नखं बिघडली होती. काही मुळापासून सैल होऊन हलत होती. काही चिरली होती. काही तर गळूनच पडली होती आणि त्या जागी लाल, ओलं मांस उघडं पडलं होतं. खडकावर तो कसला वाजणार? त्या उघड्या बोटांवर तो मेंढरांमागं डोंगर चढत होता आणि कुणाला कळू देत नव्हता.

काटा असता तर एका पायात असता. मार लागला असता तर एखादं बोट गेलं असतं. तिनं बेचक्यांत बघितलं, कुठं पुरळ नाही. अंगावरचे केस तुकतुकीत, कुठं खाज नाही, खाणंपिणं झकास. तिनं मेंढवाड्यातली बाकीची कुत्री अंगणात आणवून त्यांचे पाय बघितले, ते धडधाकट होते. तिनं सिदूचे हातपाय उलटसुलट करून बघितले, गजकर्णाचा पत्ता नव्हता. म्हणजे बाहेरून लागलेलं काही नव्हतं, दुसऱ्याकडून आलेलंही काही नव्हतं. आईनं सुनांच्या नखांबद्दल सांगितलेलं तेवढं तिच्याकडं उरलं. दुखणं आतलं आहे. कुत्र्याचं अंगच त्याच्या नखांवर रुसलंय, असं ती म्हणायची. का रुसलंय ते तिला कधीच कळलं नाही, आणि नाही कळलं हे ती सांगायचीही.

त्या दिवशी दुपारी घुंगऱ्यानं पुढचा पंजा तोंडाजवळ घेतला आणि चाटायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. जबडा, मिशा, सगळं लाल. धुरपानं कपाळावर हात मारला. "आरं माज्या सोन्या, सवताचंच रगात व्हय रं हे?" आणि ती हसता हसता रडायला लागली.

ती धावत पिंपरणीखाली गेली, सांगून आली. कुणी विश्वास ठेवला नाही. आणि पुढं दिवस गेले तसा ठेवणार तरी कसा? कारण घुंगऱ्याला तिच्या दारात बांधल्या दिवसापासून एकही कोकरू गेलं नव्हतं. माणसं म्हणायची, चोर बांधला, चोरी थांबली. आणखी काय पाहिजे? म्हादूसुद्धा एकदा चाचरत म्हणाला, "धुरपे, त्याचे पाय दुखत्यात हे खरं. पर पाय दुखणाऱ्याला भूक लागत न्हाई असं कुठंय?" त्यावर धुरपा त्याला काहीच बोलली नाही. म्हादू मनातून घाबरला. ती बोलली नाही म्हणजे तिलाही तीच शंका आली होती. एक अख्खी दुपार ती घुंगऱ्यासमोर बसून त्याच्याकडं बघत राहिली. खरंच यानंच खाल्ली असतील तर? चांदीच्या वेळीही तिला अशीच खात्री वाटली होती. घुंगऱ्या शेपूट हलवत राहिला. त्याला वाटलं, बाई लाड करायला बसलीय.

शंका असली तरी औषध थांबवायचं नसतं. धुरपा रोज त्याचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायची. लोंबणारं नख हातानं ओढायची नाही, नराणीनं आखूड करायची आणि आपोआप सुटेपर्यंत वाट बघायची. पायांना जुन्या लुगड्याच्या मऊ पिशव्या शिवून बांधायची. भाकरीत जवसाचं तेल मुरवून द्यायची, आणि ओढ्यातले बारीक मासे उकडून घालायची. म्हादू म्हणायचा, "आमाला कोरडी भाकर आन् जावईबापूला मासं." आणि असं म्हणत स्वतःच मासे धरायला जायचा.

सिदू रोज येऊन कुत्र्यापाशी बसायचा. मेंढरं निघायचा दिवस जवळ आला, तसा तो बसेनासा झाला, नुसता कुंपणापाशी उभा राहायचा. एकदा असाच उभा असताना धुरपाची नजर, सवयीनं, त्याच्या पायांकडं गेली. पाय घोट्यापर्यंत पांढरे होते.

"सिदू, तुज्या पायाला ही पांढरी माती कुठली? घळीकडं तर काळी हाय."

"आता मेंढवाडा देवमाळावर हाय न्हवं, काकी."

"कवापासनं?"

"घुंगऱ्याला हितं बांधला त्याच दिसापासनं. वाड्यात कोकराचं रगात सांडल्यालं सिद्ध झालं की त्या जागी मेंढरं ठिवत न्हाईत. रीत हाय."

धुरपानं मनाशी हिशेब केला. एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या होत्या. कुत्रं बांधलं होतं आणि वाडा घळीपासून हलला होता. गावानं पहिली लक्षात ठेवली, आणि दुसरी रीतच असल्यामुळं कुणाच्या मनातही आली नाही. आपण रोज करतो ते आपल्याला कुठं दिसतं?

निघायचा दिवस आला. मेंढरं माळावर गोळा झाली, घोड्यांवर बिऱ्हाडं चढली, आणि सगळं गाव धुरपाच्या अंगणाभोवती उभं राहिलं. सिदूच्या हातात दोरी दिली होती. सगळ्यांना वाटलं, धुरपा आता बोलणार, ओढा थांबणार. पण तिनं एक पाट मांडला, त्यावर घुंगऱ्याला बसवलं, पायांच्या पिशव्या सोडल्या आणि कोमट पाण्याचा तांब्या राघू मेंडक्याच्या हातात दिला.

"भावजी, त्याला न्यायचं तर न्या. पर हा माज्या दारचा पाव्हणा, आन् पाव्हण्याचं पाय आपण धुतो. ज्यानं न्याव केला त्यानंच धुवावं."

राघूला नाही म्हणता येईना. तो खाली बसला. पुढचा पंजा हातात घेतला आणि पाणी ओतलं. घुंगऱ्याची बहुतेक नखं तोवर गळून गेली होती, आत नव्या नखांचे बारीक कोंभ दिसत होते. एकच जुनं नख अजून लोंबत होतं. राघूच्या अंगठ्याचा धक्का लागला आणि ते नख सुटून त्याच्या तळहातावर आलं. बोटातून रक्ताची धार लागली. घुंगऱ्या कळवळला. त्याचे दात राघूच्या मनगटावर आले, पण टेकले आणि उचलले गेले. मग त्यानं मान वळवली आणि आपलं बोट चाटायला लागला. चाटून चाटून त्यानं मान वर केली, तेव्हा सगळ्या गावासमोर त्याचं तोंड लाल झालं होतं.

"बघा," धुरपा हळूच म्हणाली. "आता कुणाचं कोकरू खाल्लं त्यानं?"

घुंगऱ्यानं आपलं बोट झाल्यावर राघूचा तळहातही चाटून साफ केला, कारण त्यालाही रक्त लागलं होतं आणि घुंगऱ्याला ते बरं वाटलं नसावं. राघू मेंडक्यानं पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. "चांदीबी असंच चाटायची," तो म्हणाला.

"चांदी माज्यामुळं गेली, भावजी," धुरपा म्हणाली. "म्या एकच पाय बघितला हुता." हे तिनं गावासमोर म्हटलं. राघूनं मान हलवली. मग तिनं मेंढवाडा कधी हलला ते विचारलं, आणि राघूनं ताबडतोब दोन गडी घळीत पाठवले. ते परत आले ते लोकरीचे पुंजके आणि कोकरांची हाडं घेऊन. घळीत लांडग्याचं बीळ होतं, पिल्लं वाढून लांडगीण निघून गेली होती.

सिदूनं हातातली दोरी टाकून दिली आणि घुंगऱ्याच्या मानेत तोंड खुपसून तो मोठ्यानं रडला. त्याला कुणी हसलं नाही. मेंढरं त्या दिवशी निघालीच नाहीत. ज्याचा न्याय चुकला त्यानं गावाला जेवण घालायचं, असं राघूनं स्वतःच ठरवलं आणि घातलं. शेवटचं नख धुरपानं मुद्दाम ठेवलं होतं का, यावर गावात अजून वाद होतो. मला विचाराल तर ठेवलं नव्हतं. पण तेच नेमकं राहिल्याचा तिला आनंद झाला असेल, आणि त्यात काही वाईट नाही.

घुंगऱ्याची नखं हळूहळू आली. वाकडीतिकडी, ठिसूळ, पण आली. पुन्हा तो कातळावरून वाजत गेला, आणि त्याच्या नखांतून ठिणग्या उडायच्या, असं म्हणतात. दुखणं मधूनमधून उलटायचं, ते धुरपानं लपवलं नाही. मग पुन्हा नराणी, पुन्हा मीठपाणी, पुन्हा जवसाचं तेल, आणि म्हादूचे मासे. पुढं लांबलांबच्या गावांहून लोक कुत्री घेऊन येऊ लागले. काही बरी व्हायची, काही व्हायची नाहीत. एका पहाटे घळीतला म्हातारा लांडगा अंगणात आला, त्यानं मुकाट्यानं पंजा पुढं केला, आणि धुरपानं त्यालाही आधी दटावून मग काटा काढला, असं म्हणतात. दटावलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

धुरपाची धुरपाई झाली, म्हातारी झाली आणि एका दुपारी बोलता बोलता गेली. त्या दिवशी पंचक्रोशीतलं एकही कुत्रं भुंकलं नाही. सगळी तिच्या अंगणात येऊन बसली, आणि ओढ्याकाठी तिला माती दिली तिथल्या धोंड्यावर सकाळी पंजे उमटलेले दिसले, असं म्हणतात. धोंडा मी पाहिला आहे. पंज्यांसारखं काहीतरी दिसतं, खरं सांगायचं तर पावसानंतर जास्त दिसतं.

अजूनही कुरणवाडीची मेंढरं निघायच्या दिवशी सगळी कुत्री त्या धोंड्यापाशी आणतात. न्हाव्याच्या घरची बाई एकेकाचे चारी पाय धुते, नख न् नख हलवून बघते आणि जवसाचा लाडू देते. ज्याच्या नखाला काही दिसेल ते कुत्रं मागं राहतं, दवाखान्यात जातं, आणि मेंढरं त्याच्यासाठी थांबत नसली तरी मालक थांबतो.

पण धुरपाईच्या नावानं चालणारी खरी गोष्ट दुसरीच आहे. कुरणवाडीत कुणी कुणावर आळ घेतला, चोरीचा, लबाडीचा, कसलाही, तरी गावापुढं तोंड उघडण्याआधी आळ घेणाऱ्यानं ज्याच्यावर आळ घेतला त्याचे दोन्ही पाय धुवायचे. पाट गावाचा, तांब्या गावाचा, पाणी कोमट. हात मात्र आळ घेणाऱ्याचेच. मोठमोठी माणसं या पाटापाशी येऊन घुटमळतात.

गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या दोन जावांचं कडाक्याचं भांडण झालं. धाकटीनं थोरलीवर आळ घेतला आणि तावातावानं पाटापुढं येऊन बसली. तांब्या तिरका केला, थोरलीची टाच हातात घेतली आणि थांबली. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, रानात उभं राहून राहून, आणि त्यांतून माती काही निघेना. धाकटी बराच वेळ अंगठ्यानं ती माती काढत राहिली. मग म्हणाली, "अक्का, आमसुलाचं तेल का लावत न्हाईस गं? माज्या घरात पडून हाय." थोरली म्हणाली, "मागायचं कसं म्हनून." सगळं गाव उभं होतं, आळ काय आहे ते ऐकायला. धाकटीनं पदरानं ते पाय पुसले, अक्काला हाताला धरून उठवलं, आणि दोघी घरी गेल्या तेल लावायला.